पडवीचा कठडा कुजतो तो खालून

लाकडी कठडा हलायला लागला की बहुतेक जण वरची हातपट्टी हलवून बघतात. दुखणं असतं खालच्या पट्टीत. कोकणातल्या पावसात पाणी गजांवरून ओघळतं आणि गजाचं कुसू खालच्या पट्टीत जिथे बसलंय, त्या खाचेत साठतं. लाकूड अंगापेक्षा टोकाकडून कितीतरी जास्त पाणी पितं, आणि कुसू म्हणजे गजाचं टोकच. वरून ऑइलपेंट शाबूत दिसतो, आत सगळा भुसा झालेला असतो.

तपासायला दाभण पुरे. प्रत्येक जोडाशी टोचून थोडं लाकूड उचका. निरोगी सागाची लांब ढलपी निघते. कुजक्याचा तुकडा जागच्या जागी मोडतो. अर्ध्या इंचाच्या आसपासचं अगदी गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर ते भुंग्याचं काम. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. मग आधी जोत्यातल्या वाळवीचा बंदोबस्त करा, सुतारकाम नंतर.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढावं. दिवाळीच्या सुमारास लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेला गज उन्हाळ्यात आटून खुळखुळतो.

खालची पट्टी एक तृतीयांशाहून जास्त गेली असेल तर ठिगळ लावू नका, आख्खी बदला. त्याहून कमी असेल तर कुजक्या भागाच्या पुढे 2 इंच चांगलं लाकूड दिसेपर्यंत कापा आणि तिरका जोड द्या. जोडाची लांबी जाडीच्या सहापट, म्हणजे 2 इंच जाड पट्टीला 12 इंच. एवढी जागा दोन गजांच्या मध्ये मिळत नाही. निदान जोडाची टोकं खाचेवर येऊ देऊ नका. चिकटवायला दोन भागांचा इपॉक्सी वापरा, साधा पांढरा फेविकॉल पाण्याने मऊ पडतो. शिकंजा (क्लॅम्प) बेताने आवळा. जास्त पिळला तर इपॉक्सी बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्राजवळ 316 ग्रेडचे. लोखंडी खिळा गंजून फुगतो, लाकूड फाडतो आणि सागावर काळे डाग पाडतो.

दोन्ही पट्ट्या जागेवर असताना नवा गज आत कसा घालायचा, इथे बरेच जण अडतात आणि कुसू छाटून गज नुसता खिळ्याने ठोकतात. पहिल्या पावसाळ्यात तो सुटतो. खालची खाच पाऊण इंच आणि वरची दीड इंच खोल करा. गजाची लांबी मधलं अंतर अधिक दीड इंच ठेवा. गज वरच्या खाचेत पूर्ण ढकला, सरळ उभा करा, खाली सोडा. दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच कुसू बसतं. वरची खाच हातपट्टीच्या पोटात असल्यामुळे खोल असली तरी तिच्यात पाणी थांबत नाही. दोन गजांमधली फट 4 इंचांपेक्षा कमी हवी, लहान मुलाचं डोकं अडकता कामा नये.

आता खरं औषध: खालच्या प्रत्येक खाचेच्या तळाला 6 मिलिमीटरचं आरपार भोक पाडा, पाणी निघून जातं. पट्टीचा माथा रंध्याने बाहेरच्या बाजूला उतरता करा. पट्टी आणि फरशीत 2 इंच मोकळे ठेवा. हे तिन्ही केलं नाही तर नवा सागही त्याच जागी कुजणार.

बसवण्याआधी कुसू आणि खाचांना टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिकचं पाणी पाजा: एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार, 40 ग्रॅम बोरिक पावडर. हे पावसाने धुऊन जातं, म्हणून लाकूड पूर्ण वाळल्यावर वरून तेल हवंच. चिकटवायच्या जागा सोडून उकळलेलं जवसाचं तेल (दुकानात मिळणारं ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’) आणि टर्पेंटाइन समभाग घेऊन पहिला हात, नंतरचे दोन हात नुसत्या तेलाचे, दोन हातांमध्ये निदान एक दिवस. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. पट्टीच्या पोटाला काजूच्या टरफलांचं तेल चालतं, पण त्याने कातडी भाजते, हातमोजे घालून लावा.