वरच्या मजल्यावरची दीडपट

रात्रीचे साडेदहा झाले की आमच्या डोक्यावर ठकठक सुरू व्हायची. फार मोठी नाही. शेजारणीने विरजण मागायला येऊन संकोचाने दार वाजवावं, तेवढीच. पण संकोच पाऊण तास चालला की त्याचाही जाच होतो.

मी म्हटलं, खलबत्ता असणार.

"रात्री साडेदहाला कोण वेलची कुटतं? शिलाई मशीन असेल," बायको म्हणाली.

शिलाई मशीन एका लयीत धावतं आणि कापडाची कड आली की थांबतं. हे तसं नव्हतं. ह्यात दोन आवाज होते, एक जड, एक हलका, आणि दोघे एकमेकांच्या पायात पाय अडकवत चालले होते. चौथ्या की पाचव्या रात्री पडल्यापडल्या माझी बोटं आपोआप पांघरुणावर चालू लागली आणि मी उठूनच बसलो. अरे, ही तर दीडपट! दोनाच्या जागेत तीन. शाळेत असताना चार वर्षं तबल्याच्या क्लासला गेलो, त्यातून हाती लागलं ते एवढंच, की पंखा, कुकर, लोकल, काहीही कानावर पडलं की मी मात्रा मोजत बसतो.

"खलबत्ता नाही," मी बायकोला हलवून सांगितलं. "दीडपटीत कुणी वेलची कुटत नाही."

"झोपा," ती म्हणाली.

रविवारी वर गेलो. तक्रार करायला नव्हे, चौकशीला. आपल्याकडे तक्रारीला चौकशीच म्हणतात. दार वरच्यांच्या मुलीने उघडलं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. आजी दिवाणावर पानाचा डबा घेऊन बसल्या होत्या. खिडकीशी एक लांब काळा पियानो, डिजिटल, लोखंडी स्टँडवर. मी ठकठकीचा विषय काढला तशी पोरीचा चेहरा पडला. "काका, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच तर हेडफोन लावून वाजवते!"

मग तिने सगळं उलगडून सांगितलं. पट्ट्या अठ्ठ्याऐंशी. बावन्न पांढऱ्या, छत्तीस काळ्या. आपला पियानोच्या पट्ट्यांशी संबंध काय तो 'काळी दोन' आणि 'पांढरी चार' एवढा, तोही पेटीमार्गे. खऱ्या पियानोची पट्टी दाबली की मागचा हातोडा उडतो आणि तारेवर आदळतो. बोटाला त्याचं वजन जाणवतं. ते वजन जाणवावं म्हणून ह्या डिजिटल पियानोतही प्रत्येक पट्टीमागे छोटा हातोडा बसवलेला असतो. तारा मात्र नाहीत. स्वर निघतो तो विजेवर.

"मग हातोडे मारतात कशावर?"

"कशावरच नाही. खाली एक मऊ पट्टी आहे, तिच्यावर आपटतात."

तर मी आठवडाभर ऐकत होतो तो हा प्रकार. स्वर तिच्या कानात, हातोडे माझ्या डोक्यावर. एकाच वादनाची दोन मजल्यांवर झालेली वाटणी, आणि बाकी माझ्याकडे.

तिने हेडफोन माझ्या कानावर चढवले आणि वाजवू लागली. डाव्या हातात दोन, उजव्यात तीन, आणि ह्या सगळ्या खटपटीतून बाहेर काय पडत होतं, तर जवळजवळ काहीच न घडणारं शांत पाणी. चार स्वर मागे जातात, पुढे येतात, मध्येच खालची जमीन अर्धी पायरी सरकते. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास, तिने सांगितलं. 'ग्लासवर्क्स' ह्या १९८२ सालच्या आल्बममधला पहिला तुकडा, नाव नुसतंच 'ओपनिंग'.

आता ह्या ग्लाससाहेबांची गंमत अशी, की आमची दीडपट आणि ते अगदीच अनोळखी नाहीत. साठच्या दशकात ते पॅरिसमध्ये नादिया बूलांजे ह्या करड्या गुरूंकडे शिकत होते. तिथे पंडित रविशंकरांच्या एका चित्रपटसंगीताचं काम निघालं. फ्रेंच वादकांना कळेल अशा नोटेशनमध्ये ते उतरवायची जबाबदारी ग्लासवर आली. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे उभ्या रेषा मारून खंड पाडले. पाठोपाठ रविशंकरांचे तबलजी अल्लारखाँ उठले. नाही, चुकीच्या जागी जोर पडतोय, सगळे स्वर सारखे. रेषा इकडून तिकडे हलवल्या. पुन्हा तेच, सगळे स्वर सारखे. शेवटी वैतागून ग्लासने रेषाच पुसून टाकल्या, आणि समोर सलग वाहणारे दोन-तीन, दोन-तीनचे गट दिसले. हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला आहे. तबलजीपुढे हात टेकणारा तो पहिला माणूस नव्हे, पण त्या हात टेकण्यातून एवढा संसार उभा करणारा बहुधा तोच. संसार म्हणजे खराच, कारण न्यूयॉर्कला परतल्यावर चाळिशी उलटेपर्यंत हा माणूस नळ दुरुस्त करत आणि टॅक्सी चालवत होता. पुढे पियानोसाठी त्यांनी वीस एट्यूड, म्हणजे सरावाचे तुकडे, लिहिले. त्यातल्या पहिल्या वहीमागे स्वतःचीच बोटं सुधारावीत हा एक हेतू होता, हे मला फार आवडतं. आमच्या क्लासमध्ये ह्याला पलटे घोटणं म्हणायचे.

आणखी एक. 'ग्लासवर्क्स'ची कॅसेट वॉकमनवर ऐकणाऱ्यांसाठी वेगळी मिसळून काढली होती. म्हणजे तो तुकडा जन्मापासून हेडफोनसाठीच होता. पोरीचं काही चुकत नव्हतं. चूक असलीच तर आमच्या बिल्डरच्या स्लॅबची.

त्या दिवसापासून ती मला यूट्यूबच्या लिंका पाठवू लागली आणि निवृत्त माणूस असल्यामुळे मी त्या खरंच ऐकू लागलो. पहिलाच निल्स फ्राम निघाला. बर्लिनचा पियानोवाला. त्यालाही रात्रीच वाजवायची हौस आणि त्यालाही शेजारी. त्याने तारांवर जाड नमदा टाकला. नमदा म्हणजे घोड्याच्या खोगिराखाली असतो तो, दाबून केलेला लोकरीचा जाड थर, इंग्रजीत फेल्ट. पियानोच्या हातोड्यांवरही तोच असतो, पॅरिसच्या पाप नावाच्या कारागिराने १८२६ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. फ्रामने नमद्याशी नमदा गाठ घालून दिली. आवाज इतका बारीक झाला की माइक पियानोच्या पोटात, तारांच्या अगदी जवळ न्यावे लागले. आणि एवढ्या जवळ गेलेल्या माइकला काय फक्त स्वर ऐकू येतात? लाकडाची करकर, हातोड्यांची धापधूप, पायपट्टीचा उसासा, वाजवणाऱ्याचा श्वास, सगळं आलं. दुसरा कुणी असता तर पुसून काढता. ह्याने ठेवलं. २०११ साली आल्बम काढला, नाव 'फेल्ट'. म्हणजे आमच्या छतावरून झिरपणारी ठकठक तिकडे लोक तिकीट काढून ऐकतात. पुढच्याच वर्षी त्याने अंगठा मोडून घेतला, चार स्क्रू बसले, तर उरलेल्या नऊ बोटांसाठी नऊ तुकडे केले आणि चाहत्यांना फुकट वाटले. वर्षाचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस 'पियानो दिन' म्हणून पाळायची टूमही ह्याचीच, २०१५ पासूनची. लीप वर्ष नसेल तर तो २९ मार्चला येतो, मार्चअखेरीच्या हिशेबांत.

तसा पियानो हळू वाजला तर तो त्याचा हक्कच आहे म्हणा. इटलीत फ्लॉरेन्सच्या क्रिस्टोफोरीने १७००च्या सुमारास तो घडवला तेव्हा त्याची ओळखच 'हळूही वाजतो, जोरातही वाजतो' अशी होती. पियानो ए फोर्ते. लोकांनी पुढचं 'जोरात' गाळलं आणि नुसतं 'हळू' ठेवलं. नावाने हळू, आणि पुढची तीनशे वर्षं ह्या हळूला मोठं करण्यात गेली. ओतीव लोखंडाची चौकट आली, मोठ्या पियानोत तारांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात गेला, अख्ख्या वाद्यवृंदाला पुरून उरेल असा आवाज आला. आणि आता त्यावर लोकर टाकतात.

सगळंच आवडलं असं नाही. ह्या नमदेवाल्या पियानोची आता एक गिरणीच निघाली आहे. 'झोपेसाठी', 'अभ्यासासाठी', 'पावसासाठी' अशा याद्या असतात आणि दहा तुकडे ऐकले तरी आपण पहिल्याच तुकड्यात आहोत असं वाटतं. मऊ भात आहे तो. ताप आलेला असताना त्याच्यासारखं सुख नाही. पण बरा झालेला माणूस किती दिवस मऊ भात जेवेल? असं मी पोरीला लिहिलं, तर तिने उत्तरादाखल साकामोतोंचा '१२' पाठवला. जपानी संगीतकार ऱ्युइची साकामोतो कर्करोगाने आजारी होते. बरं वाटेल त्या दिवशी वाद्यापुढे बसायचे आणि डायरी लिहावी तसं वाजवायचे. त्यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी, १७ जानेवारी २०२३ला, आल्बम आला. २८ मार्चला ते गेले. त्यातल्या पियानोमागे श्वास ऐकू येतो, जड, ओढून घेतलेला. तो मऊ भात नव्हता. मी तो एकदाच ऐकला आहे.

पण माझी खरी गाठ पडली ती कुर्ताग जोडप्याशी. ग्यॉर्गी कुर्ताग हंगेरीचे संगीतकार, जन्म १९२६चा. बायको मार्ता, पियानोवादक. लग्न १९४७चं. मुलं पियानोला खेळणं समजून कशी बडवतात ते बघून त्यांनी सत्तरच्या दशकात छोटे छोटे तुकडे लिहायला घेतले आणि वह्यांमागून वह्या भरत गेले. नाव 'याटेकोक', म्हणजे खेळ. तळहाताने दाबा, मुठीने मारा, कोपरापर्यंतचा हात ठेवा, सगळं चालतं. तुकडे ओळीभराचे, कधी त्याहून थोडे मोठे. काही गेलेल्या मित्रांसाठी लिहिलेले आहेत, आणि तेही त्या खेळांच्या वहीतच.

२०१२ साली पॅरिसच्या मंचावर दोघं बसलेली दिसतात. लांबलचक कॉन्सर्ट पियानो नाही, घरी भिंतीला टेकवून ठेवतात तसला उभा. त्यावर सराव करताना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून हातोडे आणि तारांच्या मध्ये नमद्याची पट्टी आणणारी एक पायपट्टी असते; ती दाबलेली. श्रोत्यांकडे दोघांची पाठ. साहेब तेव्हा श्याऐंशी वर्षांचे. चार हातांनी जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या रचना वाजवतात, मध्येच 'खेळ', पुन्हा बाख. एकाचा हात दुसऱ्याच्या हातावरून जातो, कारण स्वर तिकडे आहे. भरल्या सभागृहात दोन म्हातारी माणसं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशी वाजवतात आणि सभागृह पुढे वाकून ऐकतं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती हातातली मेथीची जुडी घेऊन उभ्याउभ्या बघत राहिली. मग म्हणाली, "ती पान उलटायची वाट बघतेय का त्याची, की तो तिची?" मी पुन्हा लावलं. आम्हाला ठरवता आलं नाही. मार्ताबाई २०१९ मध्ये गेल्या.

आमच्याकडे पूर्वीची एक घोंगडी होती, जाडजूड, माळ्यावर पडून. ती मी वर नेऊन दिली. पोरीने चौघडी करून स्टँडच्या पायांखाली घातली. ठकठक बरीच उतरली. आता ती ऐकायची तर पंखा बंद करावा लागतो, आणि ऑक्टोबरातही मी तो करतो, ह्यावर घरात स्वतंत्र चर्चा झालेली आहे. डाव्या हातात ती अजून घाई करते. तिसऱ्या पानापाशी अडते, थांबते, मागे जाते.

गेल्या बुधवारी मात्र कमाल झाली. घोंगडी असूनही आवाज स्वच्छ. घाई नाही, अडणं नाही, जड आणि हलकं अगदी जिथल्या तिथे, आणि शेवटाकडे तर लय अशी सुरेख संथ होत गेली की मी अंधारात मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम वर जाऊन सांगितलं, "काल डावा हात काय पडत होता! शेवट तर फारच छान."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. "काका, काल मी नव्हतेच. आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो नाशिकला. आजी एकटीच होती."

मी दिवाणाकडे पाहिलं. पानाच्या डब्याशेजारी छोटा पितळी खलबत्ता होता. दात गेल्यापासून त्या विडा कुटूनच खातात.

"कालचं आवडलं म्हणता?" आजी डब्याचं झाकण लावत म्हणाल्या.