एक सूत लांबलेली चेन आणि पसरणीचा घाट

खंबाटकीच्या चढावर उभी राहून पायडल मारत होते आणि चेनने उडी मारली. खट्! पाय रिकामाच खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला आणि सायकल डावीकडे डुलली. मागून कांद्याचा ट्रक येत होता. त्या ड्रायव्हरदादांनी वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज हे लिहिते आहे.

तिथून वाईपर्यंत मी जवळजवळ प्रत्येक चढ चालत चढले. डोक्यात एकच आकडा फिरत होता: बावीस हजार रुपये, गिअरचा सगळा सेट बदलायचा खर्च. पुण्यातल्या ज्या दुकानात सायकल दाखवते, तिथे दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं, “मॅडम, पुढे तीन चकत्या आता कोण ठेवतं? सगळं काढून वन-बाय-इलेव्हन टाकू. पुढे एकच 32 दात्यांची, मागे 11-42ची कॅसेट.” म्हणजे पुढे एक चकती आणि मागच्या चाकावर अकरा चकत्यांचा संच (कॅसेट), सगळ्यात छोटी 11 दात्यांची, सगळ्यात मोठी 42 दात्यांची. मी विचार करते म्हणून निघून आले होते. आता वाटत होतं, तेव्हाच हो म्हणायला हवं होतं.

वाईत लॉजवाल्यांनी कृष्णेच्या घाटाकडे जाणाऱ्या गल्लीतल्या एका सायकल दुकानात पाठवलं. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, शाळेच्या पोरांच्या पंक्चर झालेल्या सायकली आणि साठीच्या पुढचे एक काका. माझी गिअरची सायकल बघून हात झटकतील अशी धाकधूक होती. त्यांनी हात पुसले, मागचं चाक उचलून पायडल फिरवलं आणि खिळ्याला अडकवलेली स्टीलची पट्टी काढली. चेनच्या एका पिनवर पट्टीचा शून्य धरला आणि चोवीस कड्या मोजल्या.

“बगा ताई. चोवीस कड्या बारा इंचात बसाय पायजेत. तुमची एक सूत पुढं गेलीया. अर्धं सूत झालं की चेन बदलायची. एक सूत हू दिली की ती कॅसेटचे दाते पण खाऊन बसती.”

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा लांबीने मला ट्रकखाली घातलं असतं, आणि पुण्याच्या दुकानात कुणी चेनला पट्टी लावली नव्हती. मला फार राग आला. अजूनही येतो.

मग त्यांनी पुढच्या चकत्यांकडे बोट दाखवलं. मोठी आणि मधली काळीठिक्कर, सगळ्यात आतली चांदीसारखी लख्ख. “ही बारकी वापरलीच न्हाई का?” नव्हती वापरली. गेल्या पावसाळ्यापासून चेन तिच्यावर उतरतच नव्हती आणि मी ते सायकलचं वय म्हणून सोडून दिलं होतं. काकांनी डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची, वायर ओढली, तर आतून तांबडा गंज भुरभुरत पडला. नवी वायर, दोन थेंब तेल, स्क्रूला अर्धा पीळ. पायडल फिरवलं आणि चेन अलगद छोट्या चकतीवर जाऊन बसली. डोळ्यात पाणी आलं माझ्या, खरंच सांगते. वायरचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. “उद्या घाटात फुडं ही बारकी, मागं सगळ्यात मोठी. जास्त दाते चेनला धरत्यात, ताण बी कमी येतो. बसून चालवा, उठू नका.”

रात्री लॉजच्या बिलामागे गणित मांडलं. माझा सगळ्यात हलका गिअर पुढे 22 दाते, मागे 32, भागाकार 0.69; हा आकडा जितका लहान तितका चढ हलका. बावीस हजारांच्या सेटचा 32 आणि 42, म्हणजे 0.76. माझ्या चाकाचा घेर सुमारे 2.15 मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात आता सायकल 1.48 मीटर पुढे जाते, नव्या सेटवर 1.64 मीटर गेली असती. चढ सोपा व्हावा म्हणून एवढे पैसे घालून मी गिअर जड करून घेणार होते! दगडधोंड्यांच्या ट्रेलवर वन-बाय छानच आहे. क्लच असलेला डिरेलर चेन आपटू देत नाही, गिअर बदलायचा शिफ्टरही एकच. ते करायचं तर मागे 50-51 दात्यांची कॅसेट हवी, आणि त्याआधी मागच्या चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) ती बसते का हे बघायला हवं. मी घाटरस्त्यांवर आणि धरणाकाठच्या मातीच्या वाटांवर फिरते. मला गरज होती ती चेनची.

सकाळी पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव. तिथून घाट सुरू. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. छोटी चकती, बसून, ताशी सहाच्या वेगाने. चेन एकदाही उडाली नाही. वळणागणिक धोम धरणाचं पाणी खाली खाली जात होतं आणि माझा श्वास शांत होता. दोन तास लागले. त्यातलं एकही मिनिट मला कमी करायचं नव्हतं. पाचगणीत टेबललँडवर इतकी गर्दी आणि घोड्यांची धूळ, की स्ट्रॉबेरीचे दोन डबे घेतले आणि उतरले. एक डबा काकांना दिला.

पुण्यात आल्यावर आठ स्पीडची चेन आणि 11-32ची कॅसेट बसवली, दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. सोबत बारा इंची स्टीलची पट्टी घेतली, ती सायकलच्या पिशवीतच असते. परवा रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी चेनला लावून बघितली. चोविसावी पिन बरोबर बारावर आहे.