सहा गुंठे लाल

कारखान्याच्या शेतकी खात्यात मला सोळा वर्षं झाली. ऊसनोंदी, तोडणीचा प्रोग्राम, शेतकऱ्यांच्या शिव्या, सगळं अंगवळणी पडलंय. 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी एआयवर बोलताना बारामतीच्या उसाचं नाव घेतलं आणि आमच्या संचालकांनाही एआय हवंसं झालं. पाणी आणि खत वाचेल, हे भाषणात. खरी नजर उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती साखर निघते त्यावर: कुठला फड कधी पक्व होणार. असो.

ऑक्टोबरात ढग हटल्यावर पहिलंच चित्र आलं आणि तात्यांच्या दोन एकर आडसाली उसात लाल डाग. सेंटिनेल-2 उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर दहा बाय दहा मीटर, जवळजवळ गुंठाच. मोजले, सहा भरले. खाली मेसेज: ‘पाण्याचा ताण. पाणी द्या.’

पोचलो तर तात्या मोटारीच्या पेटीपाशी उभे. मेसेज त्यांनाही गेला होता.

"लाइट दोनपातुरच हाय. सोडू का पाणी?"

"थांबा जरा, तात्या."

सरीतली माती मुठीत दाबली. लाडू वळला, खाली टाकला तर फुटला. झकास वाफसा, ओल अगदी बेताची. मग ताण कसला? उसाचं पिवळं पडलेलं एक बेट धरून ओढलं, तर जोर न लावता अख्खं हातात आलं. मुळ्या जवळजवळ नव्हत्याच. तात्यांनी खुरप्यानं उकरलं. पांढऱ्या, तांबूस डोक्याच्या, गोल वळलेल्या अळ्या. एका बेटाखाली चार. हुमणी.

"तुमचं यंत्र म्हणतंय तहान लागलीय," तात्या म्हणाले, "हितं तोंडच खाल्लंय की."

तसं यंत्राचंही चुकलं नव्हतं. मुळ्याच नाहीत तर ऊस पाणी ओढणार कशानं? 786 किलोमीटरवरून तो तहानलेलाच दिसणार. शिवाय हा डाग फडाच्या मधोमध. बांधावरून तो आम्हाला महिनाभर तरी दिसला नसता. दुकानदार दोन एकरांचं कीटकनाशक द्यायला बसलाच होता. आम्ही अळ्या वेचल्या आणि तेवढ्याच सहा गुंठ्यांत, कडेच्या चार सऱ्या धरून, अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी पाण्यात कालवून मुळाशी ओतली. मोटार चालू केलीच नाही.

अ‍ॅपमध्ये कारण भरायचं होतं. पर्याय चारच: पाणी, खत, तण, इतर. ‘इतर’ दाबलं आणि हुमणीचा फोटो जोडला.

पाच दिवसांनी तात्यांनी बांधावरूनच फोन नाचवून दाखवला. नवा मेसेज आला होता: ‘पाणी द्या.’