काटकसरीची पहिली कुऱ्हाड

सरकारला खर्च आवरायचा असला की पगार, पेन्शन यांना हात लावणे अवघड जाते, कारण कापले की ओरड होते. न बांधलेली इमारत मात्र ओरडत नाही. ब्रिटनमध्ये 2010 नंतर नेमके हेच घडले. भांडवली खर्चातील (म्हणजे इमारती, यंत्रे अशा टिकाऊ गोष्टींवरील खर्चातील) मोठ्या कपातीचा आराखडा खरे तर आधीच्या मजूर पक्षाच्या सरकारचा होता (हे सोयीस्करपणे विसरले जाते), पण नव्या आघाडी सरकारने तो जवळपास तसाच उचलला आणि जुलै 2010 मध्ये शाळांच्या पुनर्बांधणीची योजना गुंडाळून 700 हून अधिक शाळांची कामे थांबवली. उपपंतप्रधान निक क्लेग यांनी पुढे 2013 मध्ये या कपातीबद्दल चूक कबूल केली. आरोग्यसेवेतही दैनंदिन खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी भांडवली निधी वळवला गेला. ऑगस्ट 2023 च्या अखेरीस, शाळा उघडायला मोजके दिवस उरलेले असताना, इंग्लंडमधील शंभरावर शाळांना काही वर्ग बंद करावे लागले; अनारशासारखी जाळी असलेल्या हलक्या काँक्रीटचे त्यांचे जुने छत कधीही कोसळेल अशी भीती होती. ताळेबंदात बचत म्हणून दिसलेली रक्कम तिथे लोखंडी टेकूंवर उभी होती.