एक बाय एकची विंडो

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात आमचं ऑफिस. बटणं, लेबलं, मेनू ज्या टूलकिटमधून येतात, तिला प्रत्येक नव्या बिल्डनंतर, म्हणजे कोडमधून नवी आवृत्ती तयार झाली की, छळायचं, हे माझं काम. विंडो ३२,७६७ पिक्सेल रुंद करायची, कारण एक्स११मध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या यंत्रणेत, एक्स-वायचे आकडे १६ बिटांत कोंबलेले आहेत, ३२,७६७च्या पुढे जागाच नाही. मग शून्य रुंदी मागायची, त्यावर एक्स११च्या सर्व्हरने 'बॅडव्हॅल्यू', म्हणजे चुकीचा आकडा, म्हणून हाकललंच पाहिजे. मग एक बाय एक पिक्सेल. बहुतेक दिवस सगळं ग्रीन, म्हणजे पास.

मे महिन्यात बिल्डचं मशीन बदललं आणि पहिल्याच रात्री एक बाय एकवाली टेस्ट क्रॅश झाली. सकाळी तर्री-पोहे संपायच्या आत निकाल लागला: मशीन खराब. मशीन उलटून बोलत नाही, त्यामुळे आमच्याकडे पहिला आरोपी नेहमी तेच.

मी लॉग उघडला. लेबलच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा पिक्सेल मार्जिन. विंडो एक पिक्सेलची, त्यातून बारा वजा, उरले उणे अकरा. हा आकडा पुढे अनसाइन्ड ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये जात होता, आणि तिथे उणं नसतंच, उणा आकडा फिरून वरच्या टोकाला जातो! उणे अकराचे झाले ४,२९,४९,६७,२८५. टिचभरही नसलेल्या विंडोतलं लेबल स्वतःला चारशे एकोणतीस कोटी पिक्सेल रुंद समजून तेवढा बफर, म्हणजे मेमरी, मागत होतं. असा बग हाती लागला की जेवणाची सुटीसुद्धा नको वाटते.

पण जुन्या मशीनवर हे कधीच का दिसलं नाही? तिथे विंडो मॅनेजर, म्हणजे विंडोंना चौकट आणि टायटल बार देणारा प्रोग्रॅम, चालू होता. आपण एक पिक्सेल मागितला, तरी तो टायटल बारची बटणं मावतील एवढी विंडो देऊन मोकळा व्हायचा. नव्या मशीनवर नुसतं एक्सव्हीएफबी, म्हणजे स्क्रीनशिवाय मेमरीतच चालणारा एक्स११चा सर्व्हर, मध्ये अडवणारं कोणी नाही, मागितलं तेवढंच मिळालं. टेस्ट लिहिणाऱ्याने रिसाइज मागितला, पण विंडो खरंच केवढी झाली ते विचारलंच नव्हतं. म्हणजे ती टेस्ट इतकी वर्षं भलत्याच आकाराच्या विंडोवर पास होत आली.

डेव्हलपर म्हणाला, "अबे, एक पिक्सेलची विंडो कोणता माणूस उघडते बे?"

"माणूस नाही उघडत भाऊ, स्प्लिटर उघडते, दोन पॅनेलमधली ती सरकती रेघ. पॅनेल ओढून मिटवलं की आतल्या लेबलला तेवढीच जागा उरते."

तो हसला, पण दुरुस्ती करायला बसला, हे त्याचं मोठेपण. लीडसाहेबांनी मात्र तोवर नव्या मशीनवर विंडो मॅनेजर टाकून घेतला होता. टेस्ट ग्रीन, क्लायंटला मेल रवाना. यांना थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवून ताप उतरवायचा असतो.

मी आता सगळ्या रिसाइज टेस्टमध्ये एक ओळ घालतेय: मागितलेला आकार मिळाला नाही, तर टेस्ट फेल. पहिल्याच रनमध्ये बऱ्याच जुन्या ग्रीन टेस्ट लाल झाल्या. त्यांतल्या किती खरे बग आहेत आणि किती नुसता विंडो मॅनेजरचा हट्ट, हे एकेक उघडून बघतेय. लीडसाहेब म्हणतात, ती ओळ रिलीज होईपर्यंत काढून ठेवा. मी अजून काढलेली नाही.