ताचित्सुबोसुमिरेची दुसरी शीट

ताचित्सुबोसुमिरे या जपानी रानव्हायोलेटची फुलांची शीट, म्हणजे दाबून वाळवलेली रोपं चिकटवलेला कागद, एप्रिलमध्येच झाली होती. तिची जोडीदार उन्हाळी शीट परवा रोपं दाबायच्या प्रेसमधून निघाली, म्हणून दोन्हींची नोंद आज एकत्र टाकतो.

झाड तेच, शास्त्रीय नाव व्हायोला ग्रायपोसेरस, जपानीत ताचित्सुबोसुमिरे. टोकियोशेजारच्या साइतामात एका सहकाऱ्याच्या घरामागे बांबूच्या कडेला ती भरपूर आहे. त्याच्या आईला विचारून पाच रोपं मुळांसकट काढली. (ताकाओ डोंगरावर व्हायोलांची रेलचेल आहे, पण तिथे मी फक्त फोटो काढतो.)

एप्रिलमधल्या पहिल्या दोन रोपांची फुलं मी समोरून दाबली आणि फसलो. पाकळ्या छान पसरल्या, पण मागची पोकळ शेपटी, म्हणजे स्पर, त्यांच्याखाली गडप! अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांनी १८५६ साली कमोडोर पेरींच्या जपान मोहिमेतून आलेल्या वाळक्या नमुन्यांवरून हिचं वर्णन केलं. ग्रायपोसेरस म्हणजे वाकडं शिंग. नावातलं शिंगच दिसत नसेल तर नमुना कसला? पुढची फुलं कुशीवर निजवली, आणि एक फूल उकलून पाचही पाकळ्या वेगळ्या मांडल्या. बाजूच्या दोन पाकळ्या आतून गुळगुळीत आहेत. साध्या सुमिरेला, व्हायोला मांचुरिकाला, तिथे केसांचा झुबका असतो.

फिकट जांभळा रंग मात्र मळकट पांढऱ्यावर आला. रंग लेबलवर जागेवरच लिहा, घरी येऊन आठवून नको. टिकतात ती उपपर्णं, म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी असणारी छोटी पानं. तिथे दहापट भिंग धरलं की कंगव्याच्या दातांसारखी चिरलेली कड दिसते, वाळल्यावर तर आणखी स्पष्ट. ओळख पटवायला मला तीच सगळ्यांत भरवशाची वाटते.

जुलैत त्याच जागी गेलो तर झाड ओळखू येईना. एप्रिलमध्ये वीतभरही नव्हतं, आता खोडं लांबून आडवी पसरलेली. नावातलं 'ताची' म्हणजे उभं राहणारं, ते या वाढणाऱ्या खोडामुळेच. पानांच्या बगलेत न उमलणारी फुलं होती. ती मिटल्या मिटल्याच आपलं परागण उरकतात. ही अवस्था शीटवर नसेल तर अर्धंच झाड जपलं असं मी मानतो.

पावसाळी हवेत वाळवणं जिकिरीचं. कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको. टीपकागद दिवसातून दोनदा बदलूनही एका रोपाला बुरशी लागली, ते टाकलं.

आणि एक बोंड प्रेसमध्येच तडकलं. तीन फाका, आपल्या माळावरच्या रतनपुरुषासारख्याच. कूळ एकच ना! बिया कागदभर उडाल्या होत्या. चिमट्याने अकरा सापडल्या. प्रत्येकीला मुंग्यांना खायला असलेला गरदार ठिपका अजून चिकटलेला आहे. कागदाची पुडी करून शीटच्या उजव्या कोपऱ्यात लावली आहे.