लाँगइयरब्येन: सात क्रूस, एक हिमनदी आणि नानांचा बूट

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांचं खूळ नानांचं. नाना म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर भूविज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण हातोडी अजून निवृत्त झालेली नाही. त्यांना ध्रुवीय अस्वलं बघायची नव्हती, उत्तर प्रकाशही नको होता. त्यांना बघायची होती सात थडगी. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सून आणि सासरे असे आम्ही दोघंच निघालो. पाच दिवस ७८ अंश उत्तरेला.

जाणाऱ्यांनी आधी व्हिसाचं नीट वाचा, कारण इथे मीच जवळजवळ आपटले होते. १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरं आहे. पण तिथे पोचायचं तर नॉर्वेतून. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, स्वालबार्ड नाही. म्हणजे ऑस्लोहून पुढचं विमान धरलंत की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, आणि परत येताना पुन्हा आत शिरता. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीच्या वाटेवर अडकाल. आमच्या अर्जात मी ‘एकदा’ वर खूण केली होती. अर्ज द्यायच्या आदल्या रात्री कागद लावताना ते नानांच्या लक्षात आलं. "अगं, परत यायचंय ना आपल्याला?" एवढंच म्हणाले.

ऑस्लोहून तीनेक तास, ट्रॉम्सोहून दीड. पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, विमान नॉर्वेचंच असलं तरी तपासणी होते. विमानतळावरून गावात नेणारी बस विमानाच्या वेळेवर उभी असते. मध्यरात्रीचा सूर्य साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट असतो. आम्ही त्यानंतर पोचलो, तरी रात्र म्हणावी असा काळोख काही झाला नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. आणि धड पायमोजे न्या, कारण हॉटेलात, संग्रहालयात दारातच बूट काढायला लावतात. खाणकामगारांच्या बुटांना कोळसा असायचा, तेव्हाची ही रीत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. भोकाचे मोजे घातलेला एक सहप्रवासी मात्र पाच दिवस पाय लपवत फिरला.

गाव म्हणजे लाँगइयरब्येन, अडीच हजार वस्तीचं. घरं खांबांवर उभी आहेत, आणि पाण्याचे, सांडपाण्याचे नळ उघड्यावर, जमिनीच्या वरून जातात. नाना पहिल्या संध्याकाळी हॉटेलात सामान टाकून या नळांकडेच बघत उभे राहिले. इथली जमीन कायमची गोठलेली, पर्माफ्रॉस्ट. दऱ्यांत ती शंभरेक मीटर खोल असते, डोंगरांत त्याच्या चौपट-पाचपट. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, साधारण मीटरभर. थंडीत तो पुन्हा गोठतो आणि गोठताना फुगतो. फुगला की पोटातला दगड थोडा वर सरकतो. वितळताना दगडाखालच्या पोकळीत माती शिरते, त्यामुळे दगड खाली बसत नाही. पुढच्या वर्षी आणखी थोडा वर. "ही जमीन काही पचवत नाही," नाना म्हणाले. "गिळते आणि हळूहळू ओकते."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही कबरस्तानात गेलो.

कबरस्तान वस्तीच्या हद्दीतच आहे, दरीच्या पश्चिमेच्या उतारावर. चालत जाता येतं, अस्वलांसाठी बंदूकवाला बरोबर लागत नाही. पांढरे लाकडी क्रूस, मागे काळपट घसरडा डोंगर. क्रुसांच्या ओळींत शिरू नका, वाटेवरूनच बघा. त्यातले सात सारखे, शेजारी शेजारी. १९१८ च्या शरदात ‘फोर्सेते’ नावाची बोट नॉर्वेच्या किनाऱ्यावरून इथे खाणीवर काम करायला निघालेले तरुण घेऊन आली. मोसमातली शेवटची बोट. वाटेतच त्या वर्षीच्या जगभरच्या साथीचा इन्फ्लुएंझा लागला आणि सातजण गेले. खाणीचं कामही त्यांच्या नशिबी आलं नाही.

१९९० च्या दशकात कर्स्टी डंकन नावाच्या कॅनडातल्या भूगोलाच्या अभ्यासक बाईंच्या मनात आलं की गोठलेल्या जमिनीत हे देह टिकले असतील, तर त्या साथीचा विषाणूही सापडेल. बाई विषाणूशास्त्रातल्या नव्हत्या. खाणीच्या नोंदींपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांचा माग त्यांनी काढला. परवानग्या मिळवल्या, अनेक देशांचे शास्त्रज्ञ जमवले. १९९७ मध्ये जमिनीत डोकावणारं रडार फिरवलं. दोन मीटरपर्यंत खणल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे शवपेट्या पक्क्या गोठलेल्या थरात असणार अशी आशा वाटली. १९९८ च्या ऑगस्टमध्ये थडग्यांवर तंबू ठोकून, अंगभर संरक्षक पोशाख घालून खणायला घेतलं.

पेट्या अर्ध्या मीटरवरच लागल्या. म्हणजे दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या थरात. देह टिकले नव्हते. जिवंत विषाणू मिळाला नाही.

नानांनी खिशातून हात काढून जमिनीकडे बोट केलं, खालून वर. बोलले काहीच नाहीत.

याची दुसरी बाजू ठाऊक असेल तरच ही जागा नीट कळते. योहान हल्टिन हा स्वीडनहून अमेरिकेत शिकायला आलेला विद्यार्थी १९५१ मध्ये अलास्कात ब्रेविग मिशनला गेला होता. तिथे याच साथीत १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये पाच दिवसांत ७२ माणसं मेली होती, वस्ती होती ऐंशीच्या आसपास. त्याने गोठलेली जमीन शेकोट्या पेटवून वितळवली, फुप्फुसांचे नमुने नेले, पण प्रयोगशाळेत विषाणू काही वाढला नाही. १९९७ मध्ये जेफ्री टॉबेनबर्गर या शास्त्रज्ञांनी अमेरिकी लष्कराच्या संग्रहातल्या जुन्या ऊतींमधून विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचल्याचं प्रसिद्ध केलं. ते वाचून बहात्तर वर्षांच्या हल्टिनने त्यांना पत्र लिहिलं आणि स्वखर्चाने एकटाच पुन्हा तिथे गेला. हत्यारांत बायकोची बागेतली कात्री. या वेळी दोन मीटर खोलीवर एका स्थूल बाईचा देह सापडला. चरबीमुळे फुप्फुसं टिकली होती. त्यांतून विषाणूची जनुकं मिळाली आणि २००५ पर्यंत त्याचा पूर्ण आराखडा वाचून झाला.

नाना हल्टिनचे भक्त. "समित्या, परवानग्या, पत्रकार... त्याने काही केलं नाही. गेला आणि खणलं!"

मी म्हटलं, "नाना, त्याने गावाला विचारलं होतं. दोन्ही वेळा. आणि खड्डा बुजवल्यावर शाळेच्या कार्यशाळेत नवे क्रूस करून लावले."

"ते वेगळं," नाना म्हणाले. ते वेगळं नव्हतं, पण सासऱ्यांशी कबरस्तानात कुठे वाद घालायचा.

तिसरा दिवस हिमनदीचा. इथे सल्ला अगदी ठाम: वस्तीच्या हद्दीबाहेर एक पाऊलही एकट्याने टाकू नका. हद्दीवर लाल त्रिकोणात अस्वलाची पाटी आहे आणि तिच्याखाली लिहिलंय की हे संपूर्ण स्वालबार्डला लागू. पाटीसमोर फोटो काढतात सगळे, आम्हीही काढला. अस्वलापासून किमान ३०० मीटर, मार्च ते जूनच्या शेवटापर्यंत ५०० मीटर लांब राहायचा नियम आहे. शस्त्र बाळगणारा, वाट माहीत असलेला गाइड हवाच. त्याची नोंदणी आधी करा. गटात माणसं मोजकीच घेतात आणि ऑगस्टमध्ये जागा लवकर संपतात.

लाँगइयरब्रेन ही हिमनदी दरीच्या दक्षिण टोकाला, न्यूब्येन या वस्तीच्या पुढे. गाइड पंचविशीची मुलगी, पाठीवर रायफल, कमरेला फ्लेअरचं, म्हणजे झगझगीत प्रकाशगोळे उडवायचं पिस्तूल. निघण्यापूर्वी तिने तीन गोष्टी सांगितल्या. माझ्यापुढे जायचं नाही. माझ्या नजरेआड जायचं नाही. जीवाश्म शोधताना फक्त सुटे पडलेले दगड उचलायचे, बर्फात घट्ट बसलेलं काही खणायचं नाही. नानांनी मान डोलावली. त्यांची ही मान मी ओळखते. गोळ्या घेतल्या का विचारलं की अशीच डोलते.

हिमनदीच्या तोंडाशी हिमोढ आहे. बर्फाने खरवडून आणलेल्या दगडमातीचे ढीग. दिसतात मुरमाच्या टेकड्यांसारखे, पण आत बर्फच असतो, वर फक्त दगडांची गोधडी. या दगडांत पानं सापडतात. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे पानगळीचं जंगल होतं. त्याचाच कोळसा झाला, तो काढायला माणसं आली. त्यांतली सात खाली क्रुसांखाली आहेत. मला पहिल्या दहा मिनिटांत तळहाताएवढं पान मिळालं, तांबूस, मधली शीर आणि तिच्या फाट्यांसकट. बोट फिरवलं तर शिरा हाताला लागत होत्या. त्यापुढे कुठलं संग्रहालय?

मी ते पान नानांना दाखवायला वळले तर नाना नाहीत.

ठक्, ठक् असा आवाज आला. एका ढिगाआड नाना गुडघ्यावर बसून, पिशवीत लपवून आणलेल्या हातोडीने बर्फात रुतलेली शेलची, म्हणजे थराथरांच्या खडकाची लादी सोडवत होते. गाइड ओरडली. नाना म्हणाले, "एक मिनिट, एक मिनिट." मराठीत. मग उठायला त्यांनी एक पाय मागे टाकला तो गुडघ्यापर्यंत आत. वरून सुका दिसणारा तो चिखल खालच्या वितळत्या बर्फावर तरंगत असतो. ओढला की जास्त धरतो.

तिने धावपळ केली नाही. आधी आम्हा सगळ्यांना जागेवर थांबवलं. आजूबाजूला दुर्बिणीने एक चक्कर नजर फिरवली, अस्वलासाठी. मग काठ्या आडव्या टाकून त्यांवर बसली आणि नानांच्या टाचेभोवतीचा चिखल हाताने काढू लागली. पाच-सात मिनिटं. पाय आला, बूटही आला, पाण्याने भरून. नाना थरथरत होते, थंडीने की शरमेने ते मी विचारलं नाही. पिशवीत जादा मोजे होते म्हणून वाचलो. कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या, हा या लेखातला सगळ्यांत मोलाचा सल्ला.

लादी अर्धवट सुटली होती. गाइडने ती उचलून उन्हाकडे तिरकी धरली. कोरी. एक पान नाही. तिने ती होती तिथे परत ठेवली आणि नानांना रागावलीही नाही, फक्त इंग्रजीत विचारलं, "सर, तुम्ही विद्यार्थ्यांना सहलीला नेत होता का?" नाना म्हणाले, हो, तीसेक वर्षं. "मग तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतेय." हिमनदीवर चढायचं त्या दिवशी रद्द झालं. बाकीच्या सहाजणांचं बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दाते बांधून बर्फावर जायचं राहिलं, आणि परतीच्या वाटेवर आमच्याशी फार कोणी बोललं नाही. त्यांचं बरोबर होतं.

उरलेलं थोडक्यात. जगभरच्या पिकांच्या बियाण्यांची तिजोरी बाहेरूनच दिसते, आत कोणाला सोडत नाहीत. डोंगराच्या पोटात उणे १८ अंशांवर बिया, २००८ पासून. २०१६ च्या शरदात पाऊस आणि वितळलेलं पाणी प्रवेशाच्या बोगद्यात शिरलं होतं, बियांपर्यंत गेलं नाही. दारासाठी टॅक्सी करून जायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी पुन्हा करणार नाही. संग्रहालय मात्र चुकवू नका, अर्धा दिवस द्या. रोख क्रोनरची गरज पडली नाही, कार्ड सगळीकडे चालतं. विमानतळाच्या पाच किलोमीटरांत ड्रोनला बंदी आहे, म्हणजे गावात नाहीच. १९४६ पूर्वीची कुठलीही वस्तू, गंजका खिळा किंवा फळकुटदेखील, संरक्षित वारसा असते, तिला हात लावायचा नाही. आणि इथे मरायला कायद्याने बंदी आहे ही ऐकीव गोष्ट खोटी. शवपेटीत पुरत नाहीत, एवढंच. का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

शेवटच्या सकाळी नाना एकटेच कबरस्तानापर्यंत जाऊन आले. काय केलंत विचारलं तर म्हणाले, "उभा राहिलो." त्यांचा बूट दोन दिवस वर्तमानपत्र कोंबून हीटरजवळ ठेवला होता, तरी वाळला नव्हता. तपासणीच्या पट्ट्यावर त्यांनी तो काढून ट्रेमध्ये ठेवला तेव्हा आतून करडी माती सांडली. नानांनी ती बोटाने गोळा केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"टाका नाना," मी म्हटलं. टाकली.